बॉर्डर कॉली की विझला: तुमच्या घरात कोण रमेल?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. घरात तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट. तुम्ही रोज सकाळी धावता, सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून डोंगर चढायला जाता. कुत्रा घ्यायचं ठरलंय. मुलीला बॉर्डर कॉली हवाय, कारण तो सगळ्यात हुशार असं तिने ऐकलंय. तुमचं मन विझलावर बसलंय. दोन्ही जातींना भरपूर व्यायाम लागतो आणि तो द्यायची तुमची तयारी आहे, मग नेमका फरक काय, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्या घराला विझला, आणि तोही दोन अटी पाळता येणार असतील तरच. बॉर्डर कॉली मी तुम्हाला सुचवणार नाही. त्याचं कारण फ्लॅट नाही आणि व्यायामाचे तासही नाहीत. कारण तुमचा सात वर्षांचा मुलगा आणि त्याचे घरी येणारे मित्र आहेत.

व्यायामाचे तास मोजून या दोन जातींत निवड करताच येत नाही. मोठ्या, निरोगी कुत्र्याला दोघांपैकी कुणालाही रोज साधारण दोन तास बाहेर काढावं लागतं, त्यातला काही वेळ मोकळं पळायला मिळावा लागतो. इथपर्यंत दोघं सारखे. फरक पडतो तो उरलेल्या बावीस तासांत. कुत्रा घरात असताना त्याचं लक्ष कशाकडे जातं, तो कशाने पेटतो आणि कशाने शांत होतो, हे त्याच्या पूर्वजांकडून माणसाने कोणतं काम करून घेतलं त्यावर बरंचसं ठरतं. शिकार करणाऱ्या प्राण्याच्या वागण्यात एक साखळी असते: सावजाचा सुगावा, टक लावून बघणं, दबा धरत पुढे सरकणं, पाठलाग, पकडणं, मारणं. माणसाने वेगवेगळ्या जातींत या साखळीतल्या वेगवेगळ्या कड्या जोरकस केल्या आणि उरलेल्या दाबल्या. बॉर्डर कॉलीत टक लावणं, दबा धरणं आणि पाठलाग टोकाला नेले. विझलात सुगावा लागताच थिजून उभं राहणं आणि मेलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणून देणं ठेवलं. तुम्ही फ्लॅटमध्ये राहता म्हणून यातलं काहीच पुसलं जात नाही.

बॉर्डर कॉली घडला तो इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांच्या हाती. आजचे जवळजवळ सगळे बॉर्डर कॉली ज्या एका कुत्र्यापर्यंत मागे नेता येतात तो ओल्ड हेम्प १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मला. ॲडम टेल्फर या मेंढपाळाने तो पैदा केला. हेम्पचा बाप रॉय मनमिळाऊ आणि मोकळा होता, पण मेंढ्यांवरची त्याची नजर फारशी तीव्र नव्हती. आई मेग लाजरी, आणि नजर इतकी जबर की कधीकधी स्वतःच त्या नजरेत अडकून पडायची. हेम्प न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेच्या दाबाने मेंढ्या हलवायचा. तसा कुत्रा प्रत्येक मेंढपाळाला हवासा वाटला आणि त्याने दोनशेहून जास्त पिल्लांचा वंश मागे ठेवला. एका कुत्र्यात आलेला बाप आणि आई यांचा हा तोल लक्षात ठेवा, पिल्लू निवडायच्या वेळी त्याचा उपयोग आहे.

ती नजर घरात कशी दिसते ते सांगतो. मी एका कुटुंबाकडे त्यांच्या दीड वर्षांच्या कॉलीला बघायला गेलो होतो. तक्रार एवढीच होती की तो जेवत नाही. मी खुर्चीत बसलो, हात हलवला आणि घड्याळाच्या काचेचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडला. कुत्रा त्याच क्षणी जमिनीलगत वाकला, मान खांद्यांच्या खाली, पुढचा एक पाय अधांतरी, डोळे त्या ठिपक्यावर. मी हात मांडीखाली घेतला, कवडसा गेला. तो मात्र भिंतीच्या त्याच जागेकडे बघत राहिला. बाईंनी नाव घेतलं, कान हलला नाही. ताटली नाकाशी नेली, डोळे हलले नाहीत. घरच्यांना तो टॉर्चचा झोत पकडायचा खेळ गमतीचा वाटला होता, मुलं रोज संध्याकाळी तो खेळत. कवडसे आणि सावल्यांमागे लागणं ही या जातीत वारंवार दिसणारी सक्तीची सवय आहे. एकदा जडली की ती मोडायला महिने लागतात, कधी पशुवैद्याच्या औषधांची जोड द्यावी लागते. लेझरचा ठिपका किंवा टॉर्च घेऊन कुठल्याच कुत्र्याशी खेळू नये, पण कॉलीशी तर कधीच नाही.

आता तुमच्या मुलाकडे येतो. सात वर्षांची मुलं एका वेगाने चालत नाहीत. ती अचानक पळतात, ओरडतात, एकमेकांच्या मागे लागतात, पडतात, परत पळतात. विखुरलेलं आणि पळणारं जे काही दिसेल ते एकत्र आणायचं, हेच कॉलीच्या रक्तात आहे. तो आधी वळसा घालून आडवा जातो, मग छातीने अडवतो, आणि तरी कुणी थांबलं नाही तर टाचेला दात लावतो. त्यात राग नसतो, तो त्याच्या लेखी काम करत असतो. पण दात लागलेल्या मुलाच्या आईला हे समजावता येत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. मुलं ओरडली की तो आणखी पेटतो. हे प्रशिक्षणाने आटोक्यात येतं, पण त्यासाठी मुलं खेळत असताना प्रत्येक वेळी एक मोठं माणूस हातात पट्टा धरून हजर लागतं, आणि हे वर्ष-दीड वर्ष. तुमच्याकडे ते माणूस कोण? दुपारी घरी सासूबाई असतील, तर हे काम त्यांच्या गळ्यात टाकणं बरोबर नाही.

रस्त्यावर हीच गोष्ट सायकली, धावणारी माणसं आणि गाड्यांबाबत होते. गाडीच्या चाकावर टक लावून झेपावणारे कॉली मी खूप पाहिलेत. शिवाय ही जात आवाजाला हळवी. फटाके, ढगांचा गडगडाट, शेजारच्या घरातलं ड्रिल मशिन, एवढंच काय, एखादा ठराविक बीप असा आवाजसुद्धा त्यांना घाबरवतो. दाट वस्तीच्या इमारतीत राहणाऱ्याने हा मुद्दा व्यायामाच्या तासांपेक्षा वर ठेवावा.

मुलीचा मुद्दा मला डावलायचा नाही. हुशारीबद्दल ती म्हणते ते खरंच आहे. चेझर नावाच्या बॉर्डर कॉलीने १,०२२ खेळण्यांची नावं ओळखायला शिकून दाखवली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांचा तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पण तो अभ्यास पूर्ण वाचला की कळतं, निवृत्त प्राध्यापकाने तीन वर्षं, दिवसाला चार-पाच तास त्या कुत्रीबरोबर घालवले होते. हुशार कुत्रा शिकवल्याशिवाय राहिला तरी शिकतोच, फक्त काय शिकायचं ते तो ठरवतो: दाराची कडी, शेजाऱ्याच्या जिन्यातल्या पावलांचा आवाज, कुणी पळालं की आडवं जाणं. ज्या घरात एक माणूस मनापासून ॲजिलिटी (कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती), मेंढ्या हाकणं किंवा आज्ञापालनाच्या स्पर्धा यांत गुंतलेलं आहे आणि मुलं मोठी आहेत किंवा नाहीतच, त्या घरात कॉलीसारखा जोडीदार नाही. अशा घरांना मी तोच सुचवतो. मुलगी सोळा-सतरा वर्षांची होईल आणि तेव्हाही तिला हा नाद असेल, तर हा प्रश्न पुन्हा विचारा, उत्तर वेगळं येऊ शकतं.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका, कारण तो विझलाच्या वेळीही आडवा येईल. "दमवला की शांत होईल" असं सगळे सांगतात. रोज चेंडू फेकून दमवलेला कुत्रा महिन्याभरात अधिक तंदुरुस्त होतो, मग त्याला दमवायला दुप्पट वेळ लागतो, आणि चेंडू थांबला की तो तुमच्या तोंडाकडे बघत भुंकतो. तुम्ही घरी एक व्यायामपटू तयार केलेला असतो, त्याला थांबायचं कसं ते शिकवलेलंच नसतं. कॉलीत आणखी एक धोका: काही तरुण, धडधाकट कॉली उन्हाळी हवेत पाच ते पंधरा मिनिटं जोरात चेंडूमागे धावले की झोकांड्या खाऊ लागतात, पाय ओढतात, गोंधळल्यासारखे दिसतात. असं दिसलं की खेळ तिथल्या तिथे थांबवायचा, कुत्र्याला थंड करायचं आणि पशुवैद्याला दाखवायचं. एकदा झालं की ते पुन्हा होऊ शकतं.

विझला हंगेरीचा. गवताळ सपाट मैदानांत एका शिकाऱ्याबरोबर पायी चालणारा, पक्ष्याचा वास लागला की थिजून उभा राहणारा, आणि पक्षी पडला की जमिनीवरून किंवा पाण्यातून तो आणून देणारा कुत्रा. दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात जवळपास संपली होती. देश सोडून गेलेल्या लोकांनी बरोबर नेलेल्या कुत्र्यांमुळे ती बाहेर टिकली, आणि कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने १९६० मध्ये तिला मान्यता दिली. या इतिहासातली तुमच्या कामाची गोष्ट अशी की हा कुत्रा शिकाऱ्यापासून फार लांब न जाता काम करायला तयार केला गेला. मेंढपाळाचा कुत्रा शिट्टीच्या अंतरावर, अर्धा मैल दूर डोंगरावर काम करतो. विझला मात्र सतत मागे वळून आपलं माणूस कुठे आहे ते बघतो. हीच त्याची गोडी आहे आणि हीच तुमच्या डोक्याला होणारी कटकटही.

कारण विझलाला एकटं राहता येत नाही. तो तुमच्या मागे स्वयंपाकघरात येतो, बाथरूमच्या दारात बसतो, सोफ्यावर तुमच्या अंगावर टेकून झोपतो. लोकांना हे फार आवडतं, सुरुवातीला. मग सुट्टी संपते, घरचे कामाला जातात आणि शेजारी सांगतात की तो तासन्तास विव्हळत असतो. दाराची चौकट ओरबाडलेली, पंजे रक्ताळलेले, जमीन लाळेने ओली. हा हट्ट समजू नका, ही खरी भीती आहे, आणि शिक्षा केली की ती वाढते. म्हणून माझी पहिली अट: दिवसात कधीही तो सलग चार तासांपेक्षा जास्त एकटा राहणार नाही अशी व्यवस्था, आणि तेवढं एकटं राहायलाही त्याला पायरीपायरीने शिकवणं. सासूबाई घरी असतात ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. पण त्यामुळेच एक चूक होण्याची शक्यता आहे. घरात कुणी ना कुणी असतंच म्हणून एकटं राहायचा सरावच होत नाही, आणि मग ज्या दिवशी सगळ्यांना लग्नाला जायचं असतं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं जातं.

सराव असा करायचा. पिल्लू दमलेलं, शू-शी करून आलेलं असताना त्याच्या जागी चघळायला काहीतरी द्यायचं आणि दाराबाहेर जाऊन लगेच परत यायचं, ते उठायच्या आत. काही दिवस एवढंच. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. जाताना लाडाने निरोप नाही, आल्यावर जल्लोष नाही. जुना मोबाईल लावून चित्रीकरण करा आणि बघा: धापा टाकतोय का, दार-खिडकी करत येरझाऱ्या घालतोय का, जांभया देत ओठ चाटतोय का. यातलं काही दिसलं तर तुम्ही घाई केलीत, मागच्या पायरीवर जा. भुंकण्याची वाट बघू नका, भुंकणं येईपर्यंत भीती बरीच पुढे गेलेली असते. सासूबाई घरी असल्या तरी त्यांनीही दिवसातून थोडा वेळ आपल्या खोलीचं दार लावून घ्यायचं, तोही सरावच.

दुसरी अट संध्याकाळची. सकाळी तुम्ही धावणार, ते ठीक. पण विझलाला रोज दुसरी फेरी लागते आणि तीत त्याच्या नाकाला मोकळीक लागते. पट्ट्याला बांधून तुमच्या वेगाने धावणं हा तुमचा व्यायाम झाला. त्याचा व्यायाम म्हणजे दहा मीटरच्या लांब दोरीवर, छातीच्या हार्नेससह, झुडपाझुडपाशी थांबून वास घेणं. रोज पाऊण तास हे कोण करणार त्याचं नाव आज ठरवा. "बघू, कुणीतरी नेईल" हे उत्तर असेल तर कुत्रा आणू नका.

बोलावलं की येणं विझलाला शिकवावं लागतं, आणि ते कॉलीपेक्षा अवघड आहे. कॉली डोळ्याने जगतो, हरवलेलं लक्ष परत आणता येतं. विझलाचं नाक एकदा वासावर लागलं की तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. सुरुवातीचं वर्षभर उघड्या जागेत लांब दोरी सोडू नका. आलेल्या कुत्र्याला प्रत्येक वेळी काहीतरी खरंच चांगलं द्या आणि लगेच परत सोडा, म्हणजे येणं म्हणजे खेळ संपणं असं त्याच्या डोक्यात बसणार नाही. उशिरा आला म्हणून रागावलात, तर पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल. ही जात मऊ मनाची आहे. आवाज चढवला की विझला खरोखर खचतो, आणि घरात मुलांवर ओरडणं चालू असेल तरी कोपऱ्यात जाऊन थरथरतो.

मुलांच्या बाबतीत विझलाचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. तो टाचा पकडत नाही, तोंडात वस्तू धरतो. मोजे, बाहुल्या, शाळेची वही, मुलाचं मनगट. चावण्यासाठी नव्हे, धरण्यासाठी, पण पिल्लाचे दात सुईसारखे असतात आणि सात वर्षांचा मुलगा रडणार हे नक्की. त्याला "सोड" म्हणून हिसकावायला जाऊ नका, पळवापळवीचा खेळ होतो. हातात बदली खेळणं ठेवा आणि अदलाबदल करा. मोठा झाल्यावर हाच कुत्रा तोंडात काहीतरी धरून शेपूट हलवत तुमचं स्वागत करेल.

खरी काळजी मला सासूबाईंची वाटते. मोठा विझला १८ ते २९ किलोचा, खांद्याशी ५३ ते ६४ सेंटीमीटर उंच, आणि आनंदाने अंगावर येणारा. तरुण विझलाच्या एका उडीत वयस्कर माणूस पडू शकतं. पहिल्या दिवसापासून नियम एकच: चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड, पाय वर आले की पाठ फिरवायची. घरातल्या पाचही जणांनी पाळायचं. एकाने जरी गंमत म्हणून उडी मारू दिली तर शिकवण वाया. आणि पट्टा धरून त्याला खाली न्यायचं काम सासूबाईंना कधीच द्यायचं नाही, तो दोन वर्षांचा होऊन शांत झाला तरी.

मुलीला सांगा, विझलाबरोबर तिला करण्यासारखं भरपूर आहे. सुरुवात अशी करता येईल: तीन रिकामी खोकी उलटी ठेवायची, एकाखाली खाऊ. कुत्रा दुसऱ्या खोलीत. मग त्याला आणायचं आणि काहीही न बोलता उभं राहायचं. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग नाक खाली जाईल. खोक्याशी पोचल्यावर शेपटीचा वेग बदलतो, श्वास लहान आणि भरभर होतो. त्या क्षणी खोकं उचलायचं. हळूहळू खोकी वाढवायची, खोल्या वाढवायच्या, मग खाऊऐवजी मुलीचा हातमोजा लपवायचा. असा वीस मिनिटांचा शोध विझलाला तासाभराच्या पट्ट्यावरच्या चालण्यापेक्षा जास्त समाधान देतो, आणि तो संपला की तो आपणहून झोपतो. पावसाळी दिवसात घर वाचवणारी हीच गोष्ट आहे.

शांत बसणं हेसुद्धा शिकवायचं असतं, दोन्ही जातींना. एक चटई ठरवा. कुत्रा तिच्यावर आडवा झाला, एक कूस मोडून बसला, मान टेकली, की काही न बोलता पुढच्या पायांमध्ये एक दाणा ठेवा. हाक नाही, शाबासकी नाही, कारण आवाज केला की तो उठतो. रोज संध्याकाळी तुम्ही वाचत बसता तेव्हा दहा मिनिटं. लहान पिल्लाला दिवसात अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी वेड्यासारखं पळणारं, चावणारं पिल्लू बहुतेक वेळा व्यायाम कमी पडलेलं नसतं, झोप कमी पडलेलं असतं.

धावण्याबद्दल. तुम्ही लगेच पिल्लाला घेऊन निघाल अशी मला भीती आहे. हाडांच्या टोकांशी जिथे वाढ होते त्या कूर्चेच्या पट्ट्या पक्क्या व्हायला मध्यम-मोठ्या कुत्र्यात वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर कडक रस्त्यावर एका लयीत लांब पळवणं नको, जिने सतत चढ-उतार नको, उंच उड्या नकोत. गवतावर आपल्या मनाने पळू दे, थांबू दे. दीड वर्षानंतर पशुवैद्याने सांधे तपासले की तुमच्याबरोबर हळूहळू सुरू करा. विझलाची छाती खोल असते, त्यामुळे पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. पोटभर जेवणानंतर लगेच धावणं नको. पोट फुगलं, ओकारी येऊनही काही बाहेर पडत नाही, कुत्रा अस्वस्थ आहे असं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना.

केसांचं एका परिच्छेदात आटपतो. कॉलीला केसांचे दोन थर, केस भरपूर गळतात, ऊन सोसत नाही. विझलाला आतला मऊ थरच नाही, केस आखूड, पुसून काढलं की झालं, पण थंडीत आणि ओल्या हवेत त्याला अंगावर काहीतरी लागतं आणि झोपायला तुमची रजाई लागते.

आरोग्यात पिल्लू घेताना काय विचारायचं ते सांगतो. दोन्ही जातींत आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी झालेली हवी, कागदावर. कॉलीत त्याशिवाय काही आनुवंशिक आजारांच्या डीएनए चाचण्या होतात, त्यांतली पांढऱ्या पेशी अडकून राहण्याच्या आजाराची आणि मेंदूच्या पेशींत टाकाऊ पदार्थ साठत जाण्याच्या आजाराची चाचणी टाळू नये. ठिपकेदार निळसर, म्हणजे मर्ल रंगाचे दोन कुत्रे एकत्र आणलेले असतील तर तिथून निघून या. त्या जोडीच्या सरासरी एक चतुर्थांश पिल्लांत तो जनुक दोन्हीकडून येतो आणि बहिरेपण, आंधळेपण यांचा धोका मोठा असतो. विझलात अपस्माराबद्दल थेट विचारा, नात्यातल्या कुत्र्यांबद्दलही. या जातीत स्नायूंना सूज येण्याचा एक आजार आहे: गिळायला त्रास, सतत लाळ, आणि डोक्यावरचे स्नायू झिजून कवटी टोकदार दिसायला लागते. तो लवकर ओळखला तर औषधांनी बरंच करता येतं, आणि अनेकदा तो दातांचा किंवा घशाचा त्रास समजून वेळ जातो. नसबंदी कधी करायची हेही पशुवैद्याशी बोलून ठरवा. २०१४ मध्ये २,५०५ विझलांच्या मालकांकडून माहिती घेऊन झालेल्या अभ्यासात नसबंदी झालेल्या कुत्र्यांत काही कर्करोगांचं प्रमाण जास्त आढळलं. मालकांनी दिलेली माहिती म्हणून त्याला मर्यादा आहेत, पण घाई करू नये एवढं त्यातून घेता येतं.

आता एक गोष्ट, जी जातीचं गुणगान करणारे सांगत नाहीत. २०२२ मध्ये अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांच्या जनुकांवर एक अभ्यास झाला. कुत्र्याकुत्र्यांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी जातीने स्पष्ट होणारा भाग सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास निघाला. माणसाचं ऐकून काम करण्याची तयारी यासारख्या काही गुणांत जात जास्त बोलते, घाबरटपणा, रागीटपणा यांत कमी. म्हणजे वर मी जे सांगितलं ते कल आहेत, खात्री नव्हे. तुम्ही विझला निवडलात म्हणून तुमचं काम संपत नाही, कुठला विझला ते निवडायचं उरतंच.

तिथे हेम्पचे आई-बाप आठवा. पिल्लांकडे बघण्याआधी त्यांच्या आईकडे बघा. तुम्ही आत आल्यावर ती काय करते? भुंकून मग वास घ्यायला येते, ठीक. मागे सरकून टेबलाखाली जाते आणि तिथेच राहते, तर पिल्लं कितीही गोजिरी असोत, नको. तिची मालकीण दहा मिनिटं खोलीबाहेर गेली तर ती काय करते हे दाखवायला सांगा. विझला घेताना मी हे नेहमी करायला लावतो, आणि चांगला ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, त्याला हरकत घेत नाही. बाप कामाच्या वंशातला आहे की प्रदर्शनाच्या, ते विचारा. शिकारीसाठीच पैदास झालेल्या घराण्यातला विझला तुमच्या दोन फेऱ्यांत भागणार नाही. पिल्लं घरात, माणसांच्या आवाजात वाढलेली हवीत. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, पायाखाली लागतं ते पुढे आयुष्यभर नेहमीचं वाटतं. गोदामात वाढवलेल्या पिल्लाला ते आठवडे परत मिळत नाहीत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देणाऱ्याकडून घेऊ नका. आणि झुंडीत सर्वात पुढे येऊन बुटाची लेस ओढणारं पिल्लू मुलं हमखास निवडतात. तुमच्या घरासाठी मी त्याच्या मागे बसलेलं, हात लावल्यावर सैल पडणारं आणि वाटी पडल्याचा आवाज झाला की दचकून पुन्हा बघायला येणारं पिल्लू बघेन.

पिल्लाचं वर्ष जड जाईल असं वाटत असेल, तर तीन-चार वर्षांचा मोठा विझला शोधणं हाही चांगला रस्ता आहे. त्याचा स्वभाव समोर दिसतो, खुब्यांचा एक्स-रे आत्ताच काढता येतो, आणि मुलांबरोबर तो कसा आहे ते तुम्ही दोन-तीन भेटींत बघू शकता. मुलाला घेऊन जा, पण पहिल्या भेटीत त्याला खाली बसवून ठेवा आणि कुत्र्याला त्याच्याकडे यायला मोकळीक द्या. कुत्रा आला नाही तर ओढू नका.

आणि दोन अटींपैकी एकही जमणार नसेल, म्हणजे उद्या सासूबाई दुसरीकडे राहायला जाणार असतील आणि घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बंद राहणार असेल, तर या दोघांपैकी कुणीच आणू नका. मला त्या घराबद्दल पुन्हा लिहा, आपण वेगळ्या कुत्र्याचा विचार करू.